माल संपलाय

शिरूरच्या बाजारपेठेत बंदुका विकणारा एक माणूस होऊन गेला आणि तो लवंगी फटाक्याला भ्यायचा. कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! त्या माणसाच्या आणि माझ्या दुकानात मिळून एकच भिंत होती, तीसुद्धा एका विटेची, त्यामुळे मला त्या काळात फारसं हसू येत नसे.

वडिलांच्या मागं त्यांचा फोटो स्टुडिओ मी चालवायची. शेजारी मामांचं दुरुस्तीचं दुकान होतं. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, फवारणीचे पंप, शिवणयंत्रं, जे येईल ते. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायची. उंच, वाळका माणूस. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला कायम तेलाचा डाग, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटावं. एका दुपारी ते स्टुडिओत आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "ताई, एक सही पाहिजे. शेजाऱ्याची ना हरकत."

"कशाला?"

"बंदुका विकायच्यात."

मी म्हटलं, "मामा, बरं आहे ना सगळं? ऊन लागलं का?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचं दौंडला बंदुकांचं दुकान होतं, रीतसर परवान्याचं. रेल्वेतले साहेब, बागायतदार, मेंढपाळ, सगळे त्यांच्याकडं यायचे. वडील गेले आणि त्यांच्याबरोबर परवानाही गेला. तो काही घरासारखा मुलाच्या नावावर होत नाही. मुलानं पहिल्यापासून अर्ज करायचा, चौकशा व्हायच्या, मग सरकारला वाटलं तर मिळायचा. तोवर दुकानातला माल दौंडच्या पोलीस ठाण्यात जमा. मामांना शिरूरमध्ये, ह्याच गाळ्यात, ते दुकान पुन्हा उभं करायचं होतं. वडिलांनी शेवटच्या आजारात तेवढं एकच मागितलं होतं म्हणे.

"अहो, भिंतीच्या अलीकडं माझी डार्करूम आहे," मी म्हटलं. "अंधारात उभी असते मी. पलीकडं तुमची दारू भरलेली काडतुसं!"

"काडतूस आपोआप उडत न्हाई, ताई."

"मग परवा वरातीत माळ लागली तर तुम्ही काउंटरखाली का बसला होता?"

"मला म्हाइत हाय म्हणून भितो," मामा म्हणाले. "ज्याला म्हाइत न्हाई त्यो बिनघोर."

मी कुरकुर करतच सही केली. अट एकच घातली, लोखंडी कपाट माझ्या भिंतीला लावायचं नाही. मामांनी ते समोरच्या भिंतीला लावलं, जमिनीत सिमेंटनं बसवलं, आणि अजून परवान्याचा पत्ता नसताना त्या रिकाम्या कपाटाला दोन कुलुपं लावू लागले. संध्याकाळी दुकान बंद करून ते एसटी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथं थबकायचे, आणि कुलूप ओढून बघायला परत यायचे. मी म्हणायची, "मामा, आत काय आहे चोरायला?" ते म्हणायचे, "आत्ता न्हाई. पण सवय तर लागाय पाहिजे."

अर्जाला फोटो लागला तेव्हाची गंमत तर विचारूच नका. मी कॅमेरा उचलून त्यांच्याकडं वळवला, तर मामा टुणकन बाजूला झाले.

"आत रोल हाय का?"

"असणारच की! त्याशिवाय फोटो कसा येईल?"

"न्हाई, आपलं इचारलं. रिकामं हाय म्हणून कुणी काही दाखवलं तरी समोर उभं ऱ्हायचं न्हाई, ही अब्बांची शिकवण."

छत्री, मोजपट्टी, कंदिलाची काच, काहीही टोकानं त्यांच्याकडं केलेलं त्यांना चालत नसे. शेवटी उभे राहिले, पण डोळे असे वटारलेले की फोटो पाहून मलाच धडकी भरली. दुसरा काढला, तो त्याहून वाईट. "मामा, जरा हसा की!" मी वैतागून म्हटलं. ते म्हणाले, "हसलो तर साहेब म्हणतील, बंदुका मागतोय आन् हसतोय." ते काही चूक नव्हतं. त्या वर्षांत मुंबईत दंगली, बॉम्बस्फोट, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि त्याची झळ शिरूरच्या एका दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचली होती. ऑफिसात टेबलामागचा माणूस आधी अर्ज वाचायचा, मग नाव वाचायचा, मग मान वर करून मामांकडं बघायचा, आणि मग म्हणायचा, "दुसरं काही विका की." मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण पुण्याला जाताना ते टोपी घडी करून पिशवीत ठेवायचे आणि परतीच्या एसटीत शिरूर जवळ आलं की काढून घालायचे. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अर्ज फिरत राहिला. पुण्याहून पोलिसांकडं, पोलिसांकडून तहसिलात, तिथून परत पुण्याला. आणि मामा फिरत राहिले दौंडला. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड, हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली आणि फडकं. ठाण्यात जमा असलेल्या वडिलांच्या बंदुकांना गंज चढेल ह्या काळजीनं त्यांना झोप लागत नसे. पहिल्यांदा हवालदारानं हाकलून दिलं. मग दया आली असावी. गजांच्या आत एका पोलिसासमोर बसून मामांना तेल लावायची मुभा मिळाली. पुढं पुढं ते ठाण्याच्या दाराच्या बिजागऱ्यांनाही तेल घालून यायचे. परत आले की मला सांगायचे, "ठीक हायेत सगळ्या." नातेवाईक दवाखान्यात असावेत तसं.

शेवटची चौकशी करायला एक पोलीस अधिकारी दुकानात आले, तेव्हा शेजारी म्हणून मलाही बोलावलं. कपाट पाहिलं, कुलुपं पाहिली, वाळूच्या बादल्या पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, "धंदा कसा करणार? किती विकाल?"

मामा म्हणाले, "होईल तितका कमी, साहेब."

मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांची वणवण, आणि हा माणूस ऐन वेळी असं बोलतो! साहेबांनी पुन्हा विचारलं, "कमी का?"

"जास्त इकून कसं चालंल? मग झोप कशी लागंल?"

साहेब हसले, आणि काहीतरी लिहून घेऊन गेले. मामांना तर वाटलं, संपलं सगळं. दोन दिवस जेवले नाहीत. पण परवाना आला. लोक पेढे वाटतात. मामांना ताप भरला.

दौंडचा माल आला, दुकान सुरू झालं आणि तेव्हा कळलं की मामा होईल तितका कमी म्हणाले होते ते अगदी खरं होतं. शनिवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, सगळा तालुका शिरूरला येतो. बाकीचे दुकानदार त्या दिवसाची वाट बघतात. मामा शनिवारी दुकान उघडायचे, पण कपाट उघडायचे नाहीत. बाजाराच्या दिवशी माणूस पितो, जुनी देणीघेणी निघतात, बोलाचाली होतात. त्या दिवशी काडतूस द्यायचं नाही म्हणजे नाही. बंदूक घ्यायला कुणी नवा परवाना घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जा म्हणायचे. बायकोला घेऊन आलात तर बरं, असंही सांगायचे. एकदा एका मिशीवाल्या बागायतदाराला हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ते गिऱ्हाइकाचे पाय बघायचे. तोंडाकडं नंतर. मी विचारलं तर म्हणाले, "तोंड माणूस घरनं धुऊन येतो, ताई. पण रागारागानं उठलेला माणूस चपला बघून घालत न्हाई. अनवाणी यील, न्हाईतर पोराच्या घालून यील. अब्बा सांगायचे, पाय धड नसतील तर माल संपलाय म्हणायचं."

"आणि खरोखरच पोराची चप्पल घालून आला असेल तर? सहज?"

"तर उद्या यील. उद्या आपण हायोतच की."

दसऱ्याला मात्र दुकानाला शोभा यायची. लोक आपल्या बंदुका पूजेला मामांकडंच आणायचे. मामा झेंडूची माळ तयार ठेवायचे आणि कुणी नळीवर हळदकुंकू टाकलं की त्याच्यावर खेकसायचे, "गंज धरंल! दस्त्याला लावा, दस्त्याला!" निवडणूक लागली की मात्र आमच्या दोघांचीही झोप उडायची. त्या दिवसांत परवानेवाल्यांना आपल्या बंदुका जमा कराव्या लागतात, आणि ठाण्यापेक्षा मामांकडं ठेवलेल्या बऱ्या म्हणून अर्धा तालुका तिथं यायचा. कपाट भरायचं, मग भिंतीशी रांग लागायची. एकदा मी डोकावले तर सगळ्या नळ्या माझ्या भिंतीकडं!

"मामा! ती माझी डार्करूम आहे!"

"रिकाम्या हायेत त्या."

"कुठली बंदूक रिकामी समजायची नाही हे कोण म्हणतं रोज?"

मामा ओशाळले. नळ्या वर केल्या. मग आठवलं की माडीवर बिऱ्हाड राहतं. तो माणूस सगळी दुपार त्या बंदुका हातात घेऊन दुकानात फिरत होता, त्यांची तोंडं कुणाकडं करावी हे त्याला कळेना. शेवटी कपाटामागच्या दगडी भिंतीकडं केल्या आणि स्वतः मधे खुर्ची टाकून बसला. निवडणूक संपून शेवटची बंदूक घरी गेली तेव्हा मामांचा सदरा ढगळ झाला होता.

आता आप्पांचं सांगते. आप्पा न्हावऱ्याकडचे, धनगर. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आप्पांनी आणि धाकट्या भावानं, बापूनं, विहीर पाडून ऊस केला. लांडग्यासाठी घेतलेली वडिलांची एकनळी बंदूक आप्पांच्या नावावर होती. उसात डुकरं घुसली की आप्पा यायचे, निवांत चहा प्यायचे, काडतुसांचा अख्खा डबा घेऊन जायचे. अतिशय सज्जन माणूस. माझ्याकडं नातवाचा फोटो काढायला आले होते तेव्हा पोर रडलं तर स्वतःच डोळे पुसत होते.

तो आडवार होता, बाजाराचा दिवस नव्हे. आप्पा मोटारसायकलवरून उतरले आणि थेट काउंटरला गेले. मी स्टुडिओच्या पायरीवर होते, सगळं दिसत होतं.

"मामा, काडतुसं द्या. दोन."

"दोनच?"

"दोन पुरे."

मामांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात निळी रबराची स्लिपर.

"बसा, आप्पा. चहा सांगतो."

"चहा नको."

"घरी बरं हाय ना? बापू कसा हाय?"

आप्पांचं तोंड एकदम लाल झालं. "त्याचं नाव काढू नका. माल द्या."

"माल संपलाय," मामा म्हणाले.

"कपाट भरलेलं असतंय तुमचं!"

"संपलाय, आप्पा. उद्या या."

आप्पांनी काउंटरवर मूठ आपटली. बाजारातले चार लोक गोळा झाले. "इतकी वर्षं गिऱ्हाईक हाय मी, आन् मला तोंडावर खोटं सांगता? मला?" असं म्हणून ते तणतणत निघाले ते सरळ कचेरीत गेले, आणि लिहूनच दिलं की दुकानात माल असून परवानाधारकाला देत नाहीत. मामा काउंटरला धरून उभे होते. मला म्हणाले, "डुकराला दोन घेऊन कोण जातंय, ताई?" विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वाजलं होतं, हे मागाहून आम्हाला न्हावऱ्याच्या एसटी कंडक्टरकडून कळलं. दुसऱ्या दिवशी आप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बापू मात्र शनिवारी बाजारात मेथीची जुडी घेताना दिसला, तेव्हा मामा हातातलं काम टाकून किती तरी वेळ त्याच्याकडं बघत उभे राहिले.

कागद एकदा आत गेला की तो लिहिणाऱ्याचा राहत नाही. तपासणी आली. कपाटात काडतुसं होती, असणारच होती. माल असून संपला म्हणतो म्हणजे चोरून विकतो, असा सरळ अर्थ निघाला. परवान्याचं नूतनीकरण जवळच आलं होतं. ते थांबलं आणि पुण्याला सुनावणी लागली. मला रात्रंदिवस एकच घोर, हा माणूस तिथं काय बोलणार? मी आदल्या दिवशी त्यांना बजावलं, "मामा, खरं ते सांगा. आप्पा बापूला मारायला निघाले होते, म्हणून दिलं नाही. तुमचं कौतुकच होईल."

"आन् आप्पांचं काय हुईल?"

"काय व्हायचं ते होईल!"

"गुन्हा हुईल. बंदूक जाईल. गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई. आन् बापूला कळंल. मग त्यो बी चपला न बघता निघंल."

सुनावणीला साक्षीदार म्हणून मी गेले. समोर साहेब, बाजूला आप्पा, मान खाली घालून. आप्पांनी आधीच सांगून टाकलं, "साहेब, माझी तक्रार मागं घेतो." साहेब म्हणाले, आता तो प्रश्न तुमचा नाही. मग मामांना विचारलं, माल होता की नव्हता?

"होता, साहेब."

"मग संपला असं का सांगितलं?"

मामांची टोपी पिशवीत, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मी खुर्चीतून अर्धी उठले, तोंड उघडलं, तर मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बसले.

"इसरलो," मामा म्हणाले. "माझी चूक झाली."

इतकंच. परवाना गेला. घरी जो कागद आला त्यात लिहिलं होतं, सार्वजनिक शांतता व सुरक्षितता लक्षात घेऊन नूतनीकरण नाकारण्यात येत आहे. सार्वजनिक शांतता! मी तो कागद वाचून इतकी संतापले की मामांनाच मला पाणी द्यावं लागलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. सुनावणी झाली त्या दिवशी पुण्याच्या स्टँडवर आम्ही शिरूर गाडीची वाट बघत बसलो होतो. आप्पा लांब उभे होते. बऱ्याच वेळानं जवळ आले. इतका धिप्पाड माणूस, पण खाली बघतच म्हणाला,

"मामा, त्या दिवशी तुम्ही मला बरोबर वळखलंत. मी बापूला..."

मामांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "मला काय बी म्हाइत न्हाई, आप्पा. माझ्याकडला माल संपला व्हता."

आप्पा तिथंच, माणसांच्या गर्दीत, उभ्या उभ्या रडायला लागले. मामांनी त्यांना बाकावर बसवलं आणि चहा आणायला गेले. आप्पांनी पुढच्याच आठवड्यात आपली एकनळी कायमची सरकारजमा केली. कारण कुणालाच सांगितलं नाही.

मामांचा माल दुसऱ्या एका दुकानदाराला देऊन टाकावा लागला. वडिलांच्या त्या बंदुकाही गेल्या. ज्या दिवशी गाडी येऊन त्या घेऊन गेली, त्या दिवशी माझी भिंत, माझी डार्करूम सगळं सुरक्षित झालं, आणि मी आत जाऊन दार लावून रडले. मामा रडले नाहीत. ते पुन्हा स्टोव्ह आणि फवारणीचे पंप घेऊन बसले. हात आता थरथरायचे, काम पूर्वीसारखं होत नसे. बाजारातले लोक पाठीमागं म्हणायचे, चोरून विकत होता म्हणून सापडला. मामांच्या कानावर यायचं ते. ते मान खाली घालून वायसर कापत बसायचे.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका शनिवारी बापू फवारणीचा पंप खांद्याला लावून आला आणि त्यानं तो काउंटरवर धाडकन आपटला. आदल्याच आठवड्यात मामांनी तो दुरुस्त केला होता आणि तो पुन्हा गळायला लागला होता.

"काय काम करता का चेष्टा?" बापू ओरडला. "सगळं औषध पाठीवर सांडलं माझ्या! एक वायसर धड बसवता येत न्हाई तुम्हाला! उगं न्हाई सरकारनं तुमचं दुकान बंद केलं!"

मी पायरीवरून ताडकन उठले. "ए बापू..." पण मामांनी हात वर केला.

"खरं हाय, बापू. चुकलंच माझं. ठिवून जा, नीट करून देतो."

"पुढच्या शनिवारी येतो. न्हाई झाला तर बघा!" बापू मोटारसायकलला किक मारून निघून गेला. मी मामांच्या दुकानात शिरले.

"मामा, एकदा सांगून तरी टाका त्याला! कुणापुढं तोंड टाकतोय, कळू दे की!"

मामा दाराशी आले होते. बाजाराच्या गर्दीतून बापूची गाडी वाट काढत, हॉर्न वाजवत, लोकांवर खेकसत चालली होती. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाला मनापासून हसताना पाहिलं.

"पुढच्या शनिवारी येतो म्हणालाय भांडायला," मामा म्हणाले. "येऊ दे, ताई. येऊ दे त्याला."